पाठीला टेकून चालवायची सायकल: सुरतेतल्या सायकलस्वारासाठी रिकंबंटचा पूर्ण हिशोब

पहाटे डुमस रोडवर, रविवारी बारडोली-व्याऱ्याच्या दिशेने आणि थंडीच्या दिवसांत २०० किंवा ३०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडला, निघणारे सायकलस्वार सुरतेला आता नवे नाहीत. त्यांच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींची तक्रार बहुतेक सारखीच असते. दम पुरतो, पाय पुरतात. पण शंभर किलोमीटरनंतर मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात आणि सीटवर बसवत नाही. मग चौकशी सुरू होते ती रिकंबंटची, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे टाकून चालवायच्या सायकलची. ती घ्यावी का, कोणती घ्यावी आणि सगळं धरून किती पैसे जातील, याचा हा हिशोब.

आराम खरा, पण कशाचा?

साध्या सायकलवर शरीराचा भार तीन ठिकाणी पडतो: सीट, हँडल आणि पेडल. रिकंबंटमध्ये तो पाठ आणि मांड्यांखालच्या रुंद सीटवर पसरतो. हात फक्त वळवण्यापुरते उरतात. मान, मनगट आणि जांघेतल्या दाबाचा त्रास असलेल्यांना फरक पहिल्याच दिवशी कळतो.

गुडघ्यांचं मात्र तसं नाही. पाठीला भक्कम टेका असल्यामुळे जड गिअरवर पाय रेटता येतो आणि तिथेच गुडघा दुखावतो. हलका गिअर लावून पाय भराभर फिरवायची सवय लावावी लागते. पाय उंचावर असल्याने काहींच्या पायाची बोटं बधिर होतात. माप साधं आहे: अनवाणी टाच पेडलवर ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. त्याहून दूर असेल तर पेडलचा पुढचा दांडा आत घ्या. कंबर किंवा गुडघ्याचं दुखणं जुनं असेल तर सायकल निवडण्याआधी डॉक्टरांशी बोला.

वेग कुठे मिळतो, कुठे जातो

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. आडवं शरीर वाऱ्याला कमी भिडतं, म्हणून तेवढ्याच दमात वेग जास्त मिळतो. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये सायकलस्वार फ्रान्सिस फॉर याने शार्ल मोशेने बनवलेल्या अशाच सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली की रिकंबंट बाहेर पडली. शर्यत गेली, मोठे कारखाने वळले नाहीत आणि उत्पादन थोडंच राहिलं. आजच्या चढ्या किमतीचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

चढावर हिशोब उलटतो. पेडलवर उभं राहून शरीराचा भार टाकता येत नाही आणि सायकलही जड असते. रोड बाइक ८ ते १० किलोची, तर ट्राइक, म्हणजे तीन चाकांची रिकंबंट, १६ ते २० किलोची. सुरतेत चढ म्हणजे फार तर उड्डाणपुलाचा. पण सापुताऱ्याला किंवा कोंडाईबारी घाटातून धुळ्याकडे जायचं असेल तर फार हलके गिअर हवेतच.

बीआरएमवाल्यांनी आणखी एक गणित करावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटर पुरते. तिथे अर्ध्यावर सोडायला लावतं ते बहुधा दुखणं. रिकंबंटचा खरा उपयोग इथे आहे आणि या राइड्सना ती चालतेही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राइडमध्ये अशा सायकलींचा वेगळा गटच सुटतो. विजेची मोटर मात्र चालत नाही.

तीन प्रकार

लांब बांध्याची दुचाकी: पेडल पुढच्या चाकाच्या मागे, बैठक खुर्चीसारखी. दोन दुचाकींत शिकायला सोपी. पण लांबी दोन मीटरच्या वर, त्यामुळे वळायला आणि ठेवायला जागा जास्त लागते.

आखूड बांध्याची दुचाकी: पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, पाठ बरीच मागे कललेली. तिघींत वेगवान. सिग्नलवर थांबून पुन्हा निघताना तोल सांभाळणं हीच तिची परीक्षा. सरावाला काही आठवडे द्यावेत.

ट्राइक: बहुतेकांत दोन चाकं पुढे, एक मागे. तोल सांभाळायचा प्रश्नच नाही, चढ कितीही सावकाश चढता येतो. मात्र सीट जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणि रुंदी साधारण ८० सेंटिमीटर. ट्राइकवर क्लिपचे बूट किंवा पट्ट्यांचे पेडल सक्तीचेच समजा. चालत्या ट्राइकवर पाय निसटून जमिनीला लागला, तर तो सायकलखाली ओढला जातो आणि घोटा मोडू शकतो.

हिशोब: बाहेरून मागवली तर

सुरतेच्या सायकल दुकानात रिकंबंट सहसा मिळत नाही. अमेरिकेच्या टेराट्राइकची साधी मॉडेलं २,००० डॉलरच्या आसपास आहेत, कॅट्राइक साधारण ३,००० च्या पुढे. इंग्लंडची आइस, जर्मनीची एचपी वेलोटेक्निक, चेकची आझुब यांची सस्पेन्शनवाली ट्राइक त्याहून महाग. एक उदाहरण करू. डॉलर ९० रुपये आणि वाहतूक-विमा ४०,००० रुपये धरला आहे.

- सायकल, २,००० डॉलर: १,८०,००० रुपये
- वाहतूक आणि विमा: ४०,००० रुपये
- या दोहोंच्या बेरजेवर ३५ टक्के सीमाशुल्क, अधिभारासह: ७७,००० रुपये
- वरच्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी: १४,८५० रुपये
- कस्टम एजंट, बंदरावरचा खर्च आणि सुरतेपर्यंत टेम्पो: १५,००० रुपये
- एकूण: ३,२६,८५० रुपये

जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा आहे. तरीही मूळ किमतीच्या पावणेदोन ते दोन पट धरूनच चाला आणि पैसे भरण्याआधी कस्टम एजंटकडून त्या दिवशीच्या दरांनी लेखी आकडा घ्या. जुनी सायकल मागवायची असेल तर जास्तच जपा. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवान्याशिवाय ती बंदरातच अडकू शकते.

इथेच बनवली तर

उधना-पांडेसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवणारे आणि नीट वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. एखादी जुनी गिअरची सायकल मोडून तिचे भाग वापरले, तर लांब बांध्याची दुचाकी ३० ते ४५ हजारांच्या तरतुदीत उभी राहू शकते. पहिला प्रयोग याच प्रकाराचा करा. ट्राइकच्या पुढच्या दोन चाकांचा वळणातला कोन वेगवेगळा ठेवावा लागतो. तो चुकला तर टायर घासतात आणि उतारावर हँडल थरथरतं. अनुभव नसलेल्या कारागिराकडून ट्राइक बनवून घेऊ नका. तयार सायकलचा प्रत्येक जोड पहिले काही महिने दर आठवड्याला तपासा. रंगावर केसासारखी रेघ दिसली की चालवणं थांबवा.

नंतरचा खर्च

साखळी साध्या सायकलच्या अडीच ते तीन पट लांब असते, म्हणजे बदलताना तीन साखळ्या. टायर घेताना बाजूवर कोरलेला आकडा वाचा. २० इंच म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात: ४०६ आणि ४५१. ट्राइकला बहुधा ४०६ लागतं. तेच मुलांच्या रुंद टायरच्या सायकलला असतं, म्हणून अडीनडीला व्याऱ्यातही टायर-ट्यूब मिळू शकेल. दोन आरसे, उंच दांड्यावरचा झेंडा आणि मागचे दोन तेज दिवे यांसाठी ५,००० रुपये बाजूला ठेवा. हा खर्च टाळण्यासारखा नाही. बसचालकाला झेंडा दिसतो, तुम्ही दिसत नाही.

सुरतेचा रस्ता आणि सुरतेचं घर

रिंग रोड, सहारा दरवाजा, उधना दरवाजा या भागांत गर्दीच्या वेळी ट्राइक चालवू नये. रिक्षा आणि टेम्पोच्या गर्दीत इतकं खाली बसणं धोक्याचं आहे. पहाटेचा डुमस रोड आणि हजिरा-धुळे महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, हे तिचे रस्ते. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे.

महामार्ग ५३ वर नवापूरकडे, साधारण ११० किलोमीटर, निघालात तर सकाळचं ऊन समोरून येतं आणि दुपारनंतर परतताना पुन्हा समोरून. मागे कललेल्या चेहऱ्यावर ते थेट पडतं. पुढे छज्जा असलेलं हेल्मेट आणि गडद चष्मा घ्या. उलट परतीला समुद्राकडून वारा समोर असेल, तर खाली बसल्याचा फायदा तिथेच सगळ्यात जास्त.

घराचं माप आधी घ्या. लहान लिफ्टमध्ये ट्राइक आडवी जात नाही, उभी करावी लागते. तळमजल्यावर कुलपाची जागा नसेल तर घडीची ट्राइक बघा, ती आणखी महाग पडते.

मग घ्यावी का?

आधी आहे त्या सायकलचं बाइक-फिट नीट करून घ्या. काही हजारांत सीटची उंची, हँडलचं अंतर आणि सीटची रुंदी सुधारली की बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच थांबतं. तरीही त्रास राहिला तर लांब बांध्याची इथेच बनवून एक हिवाळा चालवून बघा. मोकळ्या रस्त्यावर वेगाने लांब जायची हौस आहे, तोलही चांगला आहे, त्यांनी आखूड बांध्याची दुचाकी घ्यावी. तोलाचा किंवा कंबरेचा त्रास आहे, तळमजल्यावर जागा आहे आणि दर आठवड्याला महामार्गावर जाणं नक्की आहे, त्यांनीच ट्राइकवर सव्वातीन लाख घालावेत. एरवी तो पैसा अंगणात धूळ खाईल. आणि निर्णय काहीही होवो, ज्याच्याकडे रिकंबंट आहे अशाला गाठून निदान ५० किलोमीटर चालवून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.