स्टेंट टाकूनही रक्तवाहिनी पुन्हा का अरुंद होते?

प्रश्न : वडिलांच्या अँजिओप्लास्टीला आठ महिने झाले. आता शेताच्या वाटेवर पुन्हा छाती भरून येते. स्टेंट निकृष्ट असेल का? (एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : बहुधा नाही. फुग्याने वाहिनी ताणताना तिच्या अस्तराला इजा होते. ती भरून येताना भिंतीतल्या स्नायुपेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि स्टेंटच्या जाळीच्या आत नवा थर चढतो. हे बहुतेक वेळा ३ ते १२ महिन्यांत घडते. नुसता फुगा वापरत तेव्हा साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होई; औषध लावलेल्या स्टेंटमुळे तो बराच कमी झाला, संपला मात्र नाही. मधुमेह असेल, वाहिनी बारीक असेल, तर धोका वाढतो. खर्रा-बिडी सुटली नसेल, तर दुसऱ्याच जागी नवा अडथळा येऊ शकतो.

बरे वाटतेय म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्यात का? तसे असेल तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याची भीती असते. हे मला जास्त काळजीचे वाटते.

उद्याच डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. बसल्या जागी छातीत दुखले, घाम फुटला, तर मात्र उद्याची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.