मुलींचे लसीकरण : नोंद वेगळी, लक्ष समान

निसर्गाने नवजात मुलीस मुलापेक्षा किंचित अधिक जीवनशक्ती दिलेली आहे. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, त्यापूर्वीच्या दहा वर्षांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दर हजारी ४१ मुलगे व ३७ मुली दगावल्या. परंतु पहिल्या व पाचव्या वाढदिवसांच्या दरम्यान हेच प्रमाण उलटे झाले : मुलगे १४, मुली २३. निसर्गाने दिलेले बळ पुढे घरात हरवले, असाच याचा अर्थ होतो.

आहार, औषधोपचार व लसीकरण या तिन्ही बाबतींत मुलीची पाळी मागाहून येते. त्याच पाहणीत १२ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के, तर मुलींपैकी सुमारे ४१ टक्के बालकांना सर्व मूलभूत लसी मिळालेल्या आढळल्या. २०१५-१६ च्या पाहणीत मात्र दोन्ही प्रमाणे जवळजवळ सारखी, म्हणजे ६२ टक्क्यांच्या आसपास होती. हा फरक दूर होऊ शकतो, हे यावरून सिद्ध होते. तथापि देशाची सरासरी समान झाली म्हणून प्रत्येक गावातील व प्रत्येक घरातील भेद मिटला, असे समजणे योग्य नव्हे.

शासकीय केंद्रात लस विनामूल्य मिळते. पण आईची एका दिवसाची मजुरी बुडते. मुलासाठी ती सोसली जाते, मुलीसाठी ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हटले जाते. अशाने मात्रा अपुऱ्या राहतात आणि संरक्षणही अपुरे राहते.

पालकांनी पुढील वेळा ध्यानात ठेवाव्यात :

१) जन्मतः – क्षयरोग, पोलिओ व कावीळ ‘ब’ यांच्या लसी.
२) ६, १० व १४ आठवडे – पंचसंयोजी (पेंटाव्हॅलंट) लस व पोलिओ.
३) ९ महिने पूर्ण होताच – गोवर-रुबेलाची पहिली मात्रा.
४) १६ ते २४ महिने – गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा व त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा.
५) ५ ते ६ वर्षे – त्रिगुणीची दुसरी वर्धक मात्रा.
६) १० व १६ वर्षे – धनुर्वात-घटसर्प लस.

आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका यांनी राहिलेल्या बालकांची यादी करताना मुलगे व मुली यांची बेरीज स्वतंत्र मांडावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षकांनी दहाव्या व सोळाव्या वर्षीच्या लसीसाठी एकही विद्यार्थिनी सुटणार नाही, हे पाहावे. एकत्रित आकड्यात मुलगी झाकली जाते. वेगळ्या आकड्यात ती दिसते. आणि जी दिसते, तिच्यापर्यंत लस पोहोचविता येते.