‘चालेल’ म्हणायची सवय इथेच ठेवून जा

काल काकूचा फोन आला होता. पाऊण तास बोलली. “इतकं शिकून ही लोकांची पोरं सांभाळायला जर्मनीला जाणार म्हणते. तूच समजाव आता.” मीही तेच करून आलेय, हे ती सोयीस्कर विसरली. असो. समजावते तुला, पण जाऊ नकोस म्हणून नाही.

तू ओ-पेअर म्हणून चाललीस ना, तो शब्द मुळात फ्रेंच. अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. म्हणजे तू त्या घरची मोलकरीण नाहीस आणि लेकही नाहीस. आपल्याकडे हे मधलं नातंच नाही गं. घरात राहणारी बाहेरची मुलगी म्हणजे एकतर शिकायला ठेवलेली भाची, नाहीतर कामाला ठेवलेली पोर. काकूला ते उमगत नाही यात तिची काय चूक? मला तिथे राहूनसुद्धा दोन महिने उमगलं नव्हतं.

फ्रायबुर्गजवळच्या त्या घरातली पहिली संध्याकाळ सांगते. रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, लोणी, चीज आणि काकडीच्या चकत्या. एक ब्रेड झाल्यावर मुलांच्या आईने विचारलं, आणखी घेणार? मी रीतीप्रमाणे ‘नको, नको’ म्हटलं. आता ती ‘अगं घे गं, लाजतेस काय’ म्हणेल, मग घ्यावा. ती ‘बरं’ म्हणाली आणि ताट उचलून आत घेऊन गेली. रात्री अकरा वाजता पलंगावर बसून आईने दिलेला चिवडा खाल्ला. आग्रह नावाची गोष्टच तिथे नाही. नको म्हणजे नको.

आणि चालेल म्हणजे चालेल! हे जास्त महाग पडतं. “उद्या संध्याकाळी मुलांजवळ थांबशील?” चालेल. “शनिवारी सकाळी जरा बघशील?” चालेल. मोठ्या माणसाने काम सांगितलं की आपण उठतोच, तोंडातून आपोआप निघतं ते. तिसऱ्या आठवड्यात सहज वहीत तास मांडले, तर बेरीज एक्केचाळीस. नियम तीसचा! दिवसाला सहाच्या वर नाही, आठवड्याला दीड दिवस सुट्टी, निदान चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून एक तरी रविवार पूर्ण तुझा. वर्षाला चार आठवडे पगारी रजा. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी चालेल म्हणत होते.

दोन रात्री झोप नाही. शेवटी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले, आवाज थरथरत होता. तिने आकडे पाहिले आणि खरंच गोंधळून विचारलं, “मग तू बोलली का नाहीस?” त्याच रविवारी फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक चिकटलं. सगळीच घरं अशी नसतात. माझ्या ओळखीच्या एकीला आजारी आजीचं सगळं करायला लावलं होतं. ते ओ-पेअरचं काम नव्हेच. मुलं, त्यांचे कपडे, त्यांचं खाणं आणि घरातली हलकी कामं, बस. तिने घर बदललं. करारात सोडायची मुदत लिहिलेली असते, ती सही करण्याआधी वाच.

पैशाचं काकूला नीट सांग. महिन्याला २८० युरो हातखर्च, शिवाय भाषेच्या क्लाससाठी महिन्याला ७० युरो, विमा त्यांचा. राहणं, जेवण त्यांच्याकडे, आणि खिडकी असलेली स्वतंत्र खोली. यातून घरी पैसे पाठवायचं स्वप्न बघू नकोस. तो पगार नाही, आणि त्या व्हिसावर बाहेर दुसरी नोकरीही करता येत नाही. विमानाचं तिकीट बहुतेक तुझंच. मात्र मेसेजवरून गोडगोड बोलणारं कुठलंही ‘कुटुंब’ कागदपत्रांसाठी आधी पैसे मागायला लागलं, की तिथेच थांब. खरं कुटुंब तुझ्याकडे पैसे मागत नाही.

काकूचा दुसरा हट्ट, “तिकडचं एखादं मराठी घर बघ, जेवणाचे हाल नकोत.” नाही चालत. घरात जर्मन बोलली जायला हवी, आणि ती त्या कुटुंबाची मातृभाषा नसेल, तर त्यांच्याच मूळ देशातली ओ-पेअर त्यांना ठेवता येत नाही. भाषा शिकायला जायचं ना? मग म्युनिकमध्ये बसून पोहे काय करायचे!

जर्मनची ए वन पातळी पास असलं की व्हिसापुरतं भागतं. पण चार वर्षांचं पोर ए वनमध्ये रडत नाही. तू बोट क्लब रोडवर जर्मनच्या क्लासला जाऊन ए टू संपवलंस ते बरं केलंस. वकिलातीत तुझ्याशी जर्मनमध्ये बोलले तर घोकलेली वाक्यं म्हणू नकोस, कुटुंबात कोण कोण आहे आणि तुला तिथे काय करायचंय ते साधं सांग. आणि वय विसरू नकोस: सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज जायला हवा. तुला एक पावसाळा आहे हातात.

एकटं वाटेल. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी त्या दिवसांत गावात नुसती चालत सुटायचे. फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्याकडेने पाण्याचे छोटे पाट वाहतात. त्यात चुकून पाय पडला तर तिथल्याच माणसाशी लग्न होतं म्हणतात. माझा दोनदा पडला. काही झालं नाही, फक्त बूट भिजले. काकूला हे बोलू नकोस.

मुलांचं वेगळंच असतं. पहिला महिनाभर धाकटा माझ्याकडे पाठ करून बसायचा. मग एकदा माझं व्याकरण चुकलं, तेव्हा त्याने मास्तरासारखं बोट वर करून मला दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून मी त्याची विद्यार्थिनी. माझी निम्मी जर्मन त्याची आहे.

एक वर्षाच्या वर हा मुक्काम लांबत नाही, आणि दुसऱ्यांदा मिळतही नाही. पुढे तिथेच आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण करायचं, स्वयंसेवेचं वर्ष घ्यायचं की परत यायचं, याचा विचार सहाव्या महिन्यात सुरू कर, अकराव्यात नाही.

काकूशी मी बोलते या रविवारी. तू आधी पासपोर्टची मुदत बघ.