मधुपेटीस वारा कसा द्यावा

उन्हाळ्याच्या दुपारीं मधुपेटीच्या दारापाशीं क्षणभर उभें राहून पाहा. कांहीं माश्या पाय रोवून एकसारखे पंख हालवीत असलेल्या दिसतील. त्या आपल्या घरास वारा घालीत असतात. आपली सातेरी माशी तोंड बाहेर करून वारा आंत लोटते. युरोपांतील माशी तोंड आंत करून आंतली हवा बाहेर काढते.

हे श्रम दोन कारणांसाठीं होत. पिलाव्यास सुमारें ३४ ते ३५ अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते. ती फार वाढली तर पिलावा मरतो व मेण मऊ होऊन पोळीं खचतात. शिवाय, फुलांच्या रसांत पाणी पुष्कळ असतें. तें उडून गेल्यावांचून मध पिकत नाहीं. ती वाफ कोंडली म्हणजे ओल धरते, बुरशी येते. असें घर सातेरी माशी फार दिवस सोशीत नाहीं. एके दिवशीं सर्व वसाहत उठून जाते, आणि पाळणाऱ्याचे श्रम वायां जातात.

पुढील साधनें अवश्य असलींच पाहिजेत असें नाहीं, परंतु त्यांनीं माश्यांचें काम हलकें होतें.

१. जाळीचा तळपाट. जाळीचीं छिद्रें माशी जाणार नाहीं इतकीं बारीक असावीं. खालीं सरकती फळी असावी. ती थंडींत व वादळी पावसांत लावावी. तिच्यावरील कचरा वरचेवर काढावा, नाहीं तर मेणकिडा वाढतो.

२. आंतील झाकणास मध्यभागीं जाळी, व बाहेरील छपरास समोरासमोर जाळीचीं छिद्रें. तापलेली हवा वर चढते. तिला ही वाट होते.

३. दोन झाकणांमध्यें बारीक पट्ट्या. त्या आंतील झाकणाखालीं ठेवूं नयेत. अमेरिकेंतील पाळक लँग्स्ट्रॉथ ह्यांनीं १८५१ सालीं ओळखिलें कीं, सुमारें ३/८ इंच वाट माश्या मोकळी ठेवितात; जागा त्याहून वाढली तर तेथें पोळें बांधितात. सातेरीची वाट किंचित लहान असते.

तथापि अति करूं नये. अशक्त वसाहतीस फार वारा दिला तर पिलाव्याची ऊब जाते. प्रथम पेटी सावलींत ठेवावी. माश्यांचा घोस दाराबाहेर लोंबत असेल तर उष्मा झाला असें समजावें. सकाळीं झाकणाखालीं पाण्याचे थेंब दिसले तर वरची वाट उघडावी. एका वेळीं एकच फेरफार करावा, व आठ दिवस पाहावें.

प्रश्न : (१) माश्या पंख कां हालवितात? (२) अशक्त वसाहतीस फार वारा कां देऊं नये?