फेरारी विकून दान करायचं, तर हिशोब आधी मांडा

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या संग्रहालयात दोन जुन्या फेरारींचा लिलाव झाला. एक १९६० ची २५० जीटी एसडब्ल्यूबी, दुसरी १९६७ ची २७५ जीटीबी/४. मालक रिचर्ड कोल्टन त्याच वर्षी वारले होते. दोन्ही गाड्या त्यांनी मृत्युपत्राने 'आरएनएलआय'ला ठेवल्या होत्या. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी ही संस्था. दोन्ही गाड्या मिळून सुमारे ८५ लाख पौंडांना गेल्या. संस्थेच्या बोटींवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, पण बोटी काही फुकट मिळत नाहीत.

आपल्याकडे इटालियन गाडी म्हणजे एकेकाळी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट असायची. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या कुणा वाचकाच्या गॅरेजमध्ये जुनी अल्फा रोमिओ किंवा फेरारी असेल आणि ती सत्कार्यासाठी विकायचं मनात असेल, तर लिलाववाल्याला फोन लावण्याआधी एक गोष्ट ठरवा. दान कशाचं करायचं, गाडीचं की पैशांचं? बहुतेक लोक हा प्रश्न शेवटी विचारतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, मग ती विंटेज का असेना. त्यामुळे हयातीत द्यायचं असेल तर गाडी स्वतःच्या नावाने विकून रक्कम 'गिफ्ट एड'खाली देणं सहसा फायद्याचं. तुम्ही १ लाख पौंड दिलेत की संस्था सरकारकडून आणखी २५ हजार मागू शकते. अट एवढीच, की तेवढा कर तुम्ही भरलेला हवा. गाडीच संस्थेच्या नावावर करून दिलीत, तर हा लाभ हातचा गेला. गिफ्ट एड पैशांच्या दानाला आहे, वस्तूंच्या नाही.

अमेरिकेत गणित वेगळं. तिथे अशी गाडी 'संग्राह्य वस्तू' मानली जाते आणि दीर्घकाळ बाळगलेल्या गाडीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. गाडीच संस्थेला दिली तर तो नफा तुमच्या माथी येत नाही. पण संस्था ती लगेच विकणार असेल, तर तुम्हाला मिळणारी वजावट सहसा तुमच्या मूळ खरेदीच्या रकमेपुरती राहते. दोन्ही हिशोब कर सल्लागाराकडून कागदावर मांडून घ्या. तोंडी सल्ल्यावर जाऊ नका.

मृत्युपत्राचा मार्ग धरायचा असेल तर ब्रिटनमध्ये संस्थेला ठेवलेल्या मालमत्तेवर वारसा कर नाही. निव्वळ मालमत्तेचा किमान १० टक्के भाग दानात गेला, तर उरलेल्यावरचा दरही ४० वरून ३६ टक्क्यांवर येतो. मृत्युपत्रात चासी नंबर आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक लिहा. नुसतं 'माझी फेरारी' लिहून भागत नाही. किल्ल्या आणि गाडीच्या कागदांची फाइल कुठे आहेत, हे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला जिवंतपणी सांगून ठेवा.

आता गाडीकडे वळू. सगळ्यात मोठा मोह म्हणजे विकण्याआधी तिला नवा रंग मारून चकाचक करणं. तो आवरा. मूळ रंग, झिजलेलं चामडं, कारखान्यातून आलेल्या काचा यांना जाणकार गिऱ्हाईक जास्त मोजतो. चासीवर ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर आणि गिअरबॉक्सवरचा नंबर टॉर्चच्या उजेडात वाचा, फोटो काढा आणि कागदांशी ताडून पाहा. इंजिन मूळचं नसेल तर ते लपवू नका. लिलावघराचा तज्ज्ञ नाहीतर विकत घेणारा ते शोधून काढणारच. २० वर्षांहून जुन्या गाडीला फेरारीचा 'क्लासिके' विभाग तपासणी करून प्रमाणपत्र देतो. लॅम्बोर्गिनीसाठी 'पोलो स्तोरिको' आहे. वेळ लागतो, म्हणून हे काम आधी.

मग माळ्यावरचे खोके उतरवा. गाडीसोबत आलेली पान्यांची चामडी गुंडाळी, जॅक, मॅन्युअल, जुनी बिलं, एखाद्या रॅलीचा फोटो. हा ऐवज घरात अडगळ वाटतो, लिलावात मात्र बोलीच्या वेळी कामाला येतो. गाडी अनेक वर्षं उभी असेल तर किल्ली फिरवून इंजिन सुरू करायला जाऊ नका. जुनं पेट्रोल काढा, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल बदला, मेकॅनिककडून इंजिन आधी हाताने फिरवून घ्या.

लिलावघराशी बोलताना घासाघीस करायला लाजू नका. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात फेरारीची २७५ जीटीबी/४ एनएआरटी स्पायडर लिलावात विकली गेली. अशा फक्त दहा बनल्या होत्या. मालक एडी स्मिथ यांच्या कुटुंबाने मिळणारी रक्कम दान करायचं आधीच जाहीर केलं होतं. बातम्यांत २ कोटी ७५ लाख डॉलरचा आकडा झळकला, पण हातोडा पडला तो अडीच कोटींवर. वरचे २५ लाख म्हणजे खरेदीदाराने लिलावघराला दिलेला प्रीमियम. म्हणून करार करताना दोन गोष्टी मागा: विक्रेत्याची दलाली माफ करा, आणि प्रीमियमचाही काही भाग संस्थेला द्या. दानाचं काम म्हटल्यावर बरीच लिलावघरं ऐकतात. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली गाडी विकायची नाही तो आकडा, वास्तवाला धरून ठेवा. एकदा न विकल्या गेलेल्या गाडीकडे पुढच्या लिलावात लोक संशयाने पाहतात. विमा, वाहतूक आणि कॅटलॉगमधल्या फोटोंचा खर्च कोणाचा, हेही लिहून घ्या.

जाहिरातीत 'उत्पन्नाचा काही भाग दानासाठी' असं मोघम छापू देऊ नका. किती टक्के आणि कोणत्या संस्थेला, हे स्पष्ट असलं की बोली लावणाऱ्याचाही हात सैल होतो. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका, आणि संस्थेकडून पावती घ्यायला विसरू नका.