बहिरेपणाचा अदृश्य वारसा

बेंगळुरूमध्ये, बसवनगुडीसारख्या जुन्या वस्त्यांतूनही, मामा-भाचीचा विवाह दीर्घकाळ समाजमान्य होता. १९८० ते १९८९ या काळात बेंगळुरू व म्हैसूर येथील नवजात अर्भकांच्या मातापित्यांची जी मोठी पाहणी झाली, तीत सुमारे एक तृतीयांश विवाह नात्यातले आढळले. त्यांत मामा-भाचीचे विवाह अधिक होते. महाराष्ट्रात ती चाल सर्वसाधारणपणे नाही. मात्र मामाच्या मुलीशी विवाह अनेक जातींना मान्य आहे. अशा घरात, ऐकू येणाऱ्या दांपत्यापोटी जन्मतः बहिरे मूल आले की दोष बहुधा मातेच्या माथी येतो. हा आरोप निराधार का, ते पाहू.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात: एक मातेकडून, एक पित्याकडून. १३व्या गुणसूत्रावरील एक जनुक 'कनेक्झिन २६' हे प्रथिन घडवते. अंतर्कर्णातील पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग या प्रथिनाचे बनलेले असतात. या जनुकाच्या २४व्या संकेतातील एकच अक्षर बदलले, तर प्रथिनाची घडण तेथेच थांबते. बहिरेपणाशी या जनुकाचा संबंध १९९७ साली उघडकीस आला. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते. अशी व्यक्ती केवळ वाहक असते व तिला नीट ऐकू येते. दोन्ही प्रती सदोष असल्या, तरच मूल बहिरे होते.

समजा, मामा वाहक आहे. तोच दोष त्याच्या बहिणीत असण्याचा संभव दोनांत एक. भाचीत, चारांत एक. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला धोका पुन्हा चारांत एक. म्हणजे अशा विवाहात सोळांत एक. मामेबहिणीशी विवाह झाल्यास हाच हिशेब बत्तिसांत एक इतका येतो. यातील निम्मा वाटा पित्याचा, हे उघड आहे.

नात्याबाहेरील विवाहही या धोक्यापासून सर्वस्वी मुक्त नसतो, कारण हा दोष भारतात अनेक समाजांत आढळतो. उलट, भिन्न जनुकांच्या दोषामुळे बहिऱ्या झालेल्या दांपत्याची मुले नीट ऐकणारी निपजू शकतात. म्हणून विवाहापूर्वी वा पुढच्या अपत्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि प्रत्येक अर्भकाची श्रवणचाचणी वेळीच करावी. या प्रकारच्या बहिरेपणात श्रवणचेता बहुधा शाबूत असते. त्यामुळे अंतर्कर्णात बसविलेले विद्युत्‌यंत्र लवकर लाभल्यास मूल बोलूही शिकते. दोषारोपात दवडलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.