विष्णुपुरीहून महाबळेश्वरास : घाटवाटेचा एक पाठ

विद्यार्थी मित्रहो, युरोपातील पुष्कळ कुटुंबे स्वतःची मोटार घेऊन परदेशातून आल्प्स पर्वतावरील थंड हवेच्या ठिकाणी जातात. स्वित्झर्लंडच्या हमरस्त्यावर शिरण्यापूर्वी त्यांस वार्षिक कर भरावा लागतो. हे वाचून आपणांस कौतुक वाटते. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी विष्णुपुरीहून महाबळेश्वरास निघालेला प्रवासीही परमुलखातच जात असे, हे किती जणांस ठाऊक आहे?

नांदेड व लातूर ही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. लातुराहून येडशीवरून बार्शीकडे जाता संस्थानाची हद्द संपे व सोलापूर जिल्हा, म्हणजे इंग्रजी अंमल, सुरू होई. संस्थानच्या जकात खात्यास करोडगिरी म्हणत. इकडे हाली रुपया, तर तिकडे कलदार. आणि दोहोंचे मोल निराळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. आज ती हद्द ओलांडताना मोटारीचा वेगही मंदावत नाही.

महाबळेश्वरचे ठाणे सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नराने १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात मिळविले. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. नांदेडची उंची सुमारे ३६० मीटर. हजार मीटर चढल्यास हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. वैशाखात गोदातीर तापले असता डोंगरावर सुख का वाटते, याचे एक कारण येथे सापडते.

लातूर, बार्शी, फलटण असा पठारावरील लांबचा प्रवास करून आपण वाईस पोहोचतो. तेथून पसरणीचा घाट लागतो. वाई ते पाचगणी हे अंतर तेरा किलोमीटरांच्या आसपास. तेवढ्यात रस्ता पाऊणे सहाशे मीटर वर चढतो. खरा पाठ येथेच आहे.

उंचीवर हवा विरळ होते. त्यामुळे साध्या इंजिनाची शक्ती महाबळेश्वरास सुमारे अष्टमांशाने घटते. उघड्या भांड्यातील पाणी तेथे शंभर अंशांऐवजी पंचाण्णव अंशांच्या सुमारास उकळते. चढावर इंजिन तापल्यास मोटार बाजूस घेऊन ते थंड होऊ द्यावे. रेडिएटरचे झाकण तापलेले असता कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते; झाकण उघडताच उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर येतो.

चढापेक्षाही उतार अधिक घातक होय. दीड हजार किलो वजनाची मोटार पाचगणीहून वाईस उतरते, तेव्हा तिच्या ठायी असलेली जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे पंचवीस लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. ही ऊर्जा कोठे तरी जावयास हवी. चालकाने सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढला, तर तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने ब्रेकात साठतो, ते तापून पकडेनासे होतात, आणि नेमक्या वळणावर मोटार ऐकत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच वेग आवरावा व ब्रेक थोडा थोडा लावावा. गिअर काढून, अथवा इंजिन बंद करून, इंधन वाचविण्याचा मोह धरणे म्हणजे चार पैशांसाठी घरच्या साऱ्यांचे प्राण पणास लावणे होय.

दुसरा नियम सौजन्याचाही आहे व कायद्याचाही. अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्यास चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी. कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे कठीण असते.

पालकांनी हे आपल्या चालकास अवश्य सांगावे. आणि विद्यार्थी मित्रहो, उतारावर जळल्यासारखा वास आला, तर मागे बसल्या बसल्या गप्प राहू नका. "काका, गाडी जरा थांबवा," एवढे म्हणण्यास वयाची अट नाही. पुस्तकातील पदार्थविज्ञान खरोखर उपयोगी पडावयाचे असेल, तर ते अशाच वेळी.